जैसे थे

कोलचेस्टर. केअर होम. खोली नंबर अकरा.
मिस्टर पेटिफर, वय एक्क्याण्णव.
दार वाजवून आत गेले की
खुर्चीतल्या खुर्चीत मान ताठ करतात
आणि म्हणतात, 'ॲज यू वेअर.'

पहिला आठवडाभर मला वाटायचं, विचारताहेत
कुठे होतीस म्हणून.
मी सांगायचे, 'खाली होते. नाश्ता लावत होते.'
ते मान हलवायचे. समाधान झाल्यासारखी.

अबेना हसून हसून ट्रॉलीला टेकली.
'अगं, फौजेतलं आहे ते.
साहेब आत आला की सगळे खाडकन उभे,
मग साहेब म्हणतो, ॲज यू वेअर.
म्हणजे, चालू द्या तुमचं.'

चालू द्या तुमचं.
मग तो शब्द मला जिथे तिथे भेटू लागला.
मॅनेजरबाई स्टाफरूममध्ये डोकावतात,
आम्ही मोबाइल मांडीखाली सारतो,
त्या म्हणतात, ॲज यू वेअर, आणि जातात.
पोस्टमन म्हणतो जिन्यातल्या मांजराला
तिला ओलांडून जाताना.
मांजर तर उठलेलंही नसतं.

आणि एका रात्री त्यांच्या पायाची नखं कापताना
(नखं कसली, शिंपले)
आठवलं एकदम:
हा शब्द आमच्याकडेही होता की.

सातारा, कॉलेजचं ग्राउंड, एनसीसी, शनिवार.
सुभेदार इंगवले 'दाहिने मुड' म्हणायच्या जागी
'बाएं मुड' म्हणून गेले.
निम्म्या पोरी सवयीने इकडे, निम्म्या हुकमाने तिकडे,
माझं नाक शेवंता फडतरेच्या नाकाला.
इंगवल्यांच्या मिशीचा केससुद्धा हलला नाही.
'जैसे थे!'
साठ टाचा परत जागेवर.
चूक झालीच नव्हती कधी.

घरी मात्र तोच शब्द कोर्टाच्या कागदावर आला.
काकांच्या आणि आमच्या मधली भिंत,
तिच्यावर जैसे थे आदेश.
बावीस वर्षं ती ना पडली, ना बांधली गेली.
तिच्यात पिंपळ उगवला,
त्याला आदेश लागू नव्हता.

मी पेटिफरना विचारलं.
तो त्यांचा चांगला दिवस होता, माझं नावही नीट घेतलं.
'हो, तोही अर्थ आहे,' म्हणाले.
'चुकीची ऑर्डर तोंडातून गेली की.
सॉरी म्हणायचं नसतं ना आम्हाला. मग हे.'
'आणि सगळे खरंच मागे येतात?'
'परेडवर येतात.'
खिडकीकडे बघत राहिले.
'परेडवर,' पुन्हा म्हणाले,
आणि विचारलं, आज कस्टर्ड आहे का.

रविवारी गॅरेथ आला, त्यांचा मुलगा.
रजिस्टरमध्ये मागची सही शोधली,
सात वर्षांपूर्वीची.
दारात उभा, अंगात उंच काळा कोट.
पेटिफरना कोण वाटलं देव जाणे.
दोन्ही हातांनी खुर्ची दाबत उठू लागले,
गुडघे लटपटत, हनुवटी वर,
कपाळाकडे जाऊ पाहणारा उजवा हात.
'बसा ना, डॅड. डॅड, बसा.'
बसेनात.
हुकूम असा नसतो.

मी त्याच्या मागे ट्रे घेऊन उभी होते.
हळूच सांगितलं, काय म्हणायचं ते.
त्याने माझ्याकडे पाहिलं. आवंढा गिळला.
दोनदा तोंड उघडून मिटलं.
मग म्हणाला,
हुकमासारखं नाही, अगदी खालच्या आवाजात:
'ॲज यू वेअर.'

म्हातारा हळूहळू खुर्चीत उतरला.
मुलगा तिथेच. कोट अंगातच.

मी ट्रे टेबलावर ठेवला,
कस्टर्डवरची साय चमच्याने बाजूला केली,
बाहेर आले, दार ओढून घेतलं.
मग थांबले,
आणि होतं तेवढंच
पुन्हा उघडं ठेवलं.